तळ्यात की मळ्यात?

६ ऑगस्ट १९९३, शुक्रवारची संध्याकाळ. जेवणे लवकर आटोपून आम्ही सी-स्पॅन लावून बसलो होतो. माझ्या मांडीवर पिवळे लीगल पॅड होते. त्यावर शंभर सिनेटरांची नावे आणि समोर तीन रकाने आखलेले: 'हो', 'नाही' आणि 'तळ्यात-मळ्यात'. पहिल्या रकान्यात एकोणपन्नास नावे, दुसऱ्यात पन्नास. तिसऱ्यात एकच नाव उरले होते, नेब्रास्काचे बॉब केरी.

हा नाद मला का लागला, ते आधी सांगतो. त्या काळी आमच्याकडे ग्रीन कार्ड होते. कर इथल्या नागरिकांइतकाच भरायचा, पण मत द्यायची सोय नाही. मत देता येत नाही तर निदान मोजावे, एवढाच त्यामागचा विचार. देशात असताना विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी चहाच्या टपरीवर आमदार-खासदार मोजण्याची सवय होतीच, तीच इथे पुढे चालू राहिली. मात्र इथे पक्षादेश नावाचा प्रकार नाही. पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून कोणाचे सदस्यत्व जात नाही. त्यामुळे मोजणाऱ्याला काम पुष्कळ.

विधेयक होते क्लिंटन यांच्या अंदाजपत्रकाचे. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर ३१ टक्के होता, त्यावर ३६ आणि ३९.६ टक्क्यांचे दोन नवे टप्पे येणार होते. मेडिकेअरचा कर यापुढे संपूर्ण पगारावर लागणार होता, आणि पेट्रोलवर गॅलनमागे ४.३ सेंट वाढायचे होते. रिकन्सिलिएशन नावाच्या खास पद्धतीने ते मांडलेले असल्यामुळे लांबलचक भाषणे करून कोणी ते अडवू शकत नव्हते. साधे बहुमत पुरे होते, आणि बरोबरी झाली तर उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचे मत होतेच. डेमोक्रॅट ५६, रिपब्लिकन ४४. रिपब्लिकनांपैकी एकही 'हो' म्हणणार नाही, हे आधीच जाहीर झाले होते. म्हणजे डेमोक्रॅटांना आपली सहा मते गमावणे परवडत होते, सातवे नाही.

हा ४.३ सेंटांचा आकडा कुठून आला, याची कथा ऐकण्यासारखी आहे. मुळात सरकारला सर्व प्रकारच्या इंधनावर, त्यातल्या उष्णतेच्या हिशेबाने, कर लावायचा होता. मे महिन्यात हाउसने तो २१९ विरुद्ध २१३ मतांनी मंजूरही केला. पण सिनेटच्या अर्थसमितीत डेमोक्रॅट ११ आणि रिपब्लिकन ९. ओक्लाहोमाचे डेव्हिड बोरेन हे एकटे डेमोक्रॅट फिरले असते तरी १०-१० होऊन विधेयक तिथेच अडकले असते. ओक्लाहोमा पडले तेल आणि नैसर्गिक वायूचे राज्य. बोरेन यांनी नकार दिला आणि तो कर गेला. त्याच्या जागी पेट्रोलवरचा कर आला. तो आणखी वाढवायची पुष्कळांची इच्छा होती, पण विस्कॉन्सिनचे हर्ब कोल यांनी ४.३च्या वर एक कणही चालणार नाही असे सांगितले. कोल स्वतः कोट्यधीश, मिलवॉकीच्या बास्केटबॉल संघाचे मालक. आकडा ४.३वरच थांबला. केंद्राचा पेट्रोल-कर तेव्हा गॅलनला १८.४ सेंट झाला आणि आजही तेवढाच आहे.

जूनच्या २५ तारखेला सिनेटमध्ये पहिले मतदान झाले तेव्हा ४९-४९ अशी बरोबरी होऊन गोर यांना मत द्यावे लागले. त्या वेळी सहा डेमोक्रॅट विरोधात गेले होते. मी ती यादी तशीच उतरवून घेतली आणि निश्चिंत झालो. एकदा 'हो' म्हटलेला माणूस सहा आठवड्यांनी 'नाही' कशाला म्हणेल?

पण यादी हलली. बोरेन जूनमध्ये 'हो' होते, त्यांनी अंतिम मसुद्याला 'नाही' जाहीर केले. ॲरिझोनाचे डेनिस डीकॉन्सिनी 'नाही' होते, ते 'हो' झाले. ॲरिझोनात निवृत्त लोकांची वस्ती मोठी. सोशल सिक्युरिटीच्या रकमेवर वाढीव कर कोणत्या उत्पन्नापासून लागावा, ती मर्यादा अंतिम मसुद्यात वर सरकून एकट्या व्यक्तीला ३४,००० आणि जोडप्याला ४४,००० डॉलर झाली. आपल्यापैकी जे आता निवृत्त झाले आहेत त्यांना हे आकडे रिटर्न भरताना दर वर्षी भेटतात. ते तेव्हापासून महागाईप्रमाणे वाढवलेलेच नाहीत.

आमच्या न्यू जर्सीचे फ्रँक लाउटेनबर्ग डेमोक्रॅट असूनही दोन्ही वेळा 'नाही'त राहिले, यात मला नवल वाटले नाही. गव्हर्नर फ्लोरिओ यांनी १९९० साली वाढवलेल्या करांवरून राज्यात किती गदारोळ झाला, ते आम्ही पाहिले होते. त्याच वर्षी बिल ब्रॅडली यांच्यासारखा नामवंत सिनेटर जेमतेम निवडून आला होता. लाउटेनबर्ग यांची निवडणूक १९९४ साली होती. त्यांचे मत माझे पॅड मांडीवर घेऊन शाळकरी पोरानेही सांगितले असते.

अवघड होते ते केरी यांचे. माझ्या हिशेबाने सगळी चिन्हे नकाराची होती. नेब्रास्का हे रिपब्लिकन वळणाचे राज्य. केरी यांचीही निवडणूक १९९४ सालीच. १९९२ साली ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी क्लिंटन यांच्याविरुद्धच उभे राहिले होते. शिवाय व्हिएतनाममध्ये पाय गमावून सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेला माणूस, दडपणाला भीक घालणारा नव्हे. आमच्या एका डॉक्टर मित्राशी मी एका जेवणाची पैज लावली होती: केरी 'नाही' म्हणणार आणि विधेयक पडणार. त्या दुपारी केरी चक्क एकटे सिनेमाला जाऊन बसले, आणि त्यांना शोधता शोधता लोकांच्या नाकी नऊ आले.

सौभाग्यवती भाजी निवडत बातम्या ऐकत होती. ती म्हणाली, "नाहीच म्हणायचं असतं तर सकाळीच म्हणाला नसता का? हो म्हणायला जड जातंय म्हणून हिंडतोय." मी पॅडकडे बोट दाखवून तिला निवडणुकांचे आकडे समजावून सांगितले.

रात्री केरी सिनेटमध्ये उभे राहिले. राष्ट्राध्यक्षांनाच उद्देशून ते बोलले. हे विधेयक देशाकडे पुरेसा त्याग मागत नाही, असे त्यांनी सुनावले, आणि तरीही तुमची कारकीर्द कोसळवणारे मत मी देऊ शकत नाही, असे सांगून 'हो' म्हटले. ५०-५०, आणि गोर यांचे मत. मी जेवण हरलो. नोव्हेंबरमध्ये सरकारी खर्च व करसुधारणा यांवर एक द्विपक्षीय आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष केरी. त्या आयोगाचे सूत काही जमले नाही, तो भाग वेगळा.

आदल्या रात्री हाउसमध्येही असेच झाले होते, २१८ विरुद्ध २१६. पेनसिल्व्हेनियाच्या मार्जरी मार्गोलिस-मेझ्विन्स्की यांनी मतदारांना 'नाही'चा शब्द देऊन शेवटी 'हो' म्हटले आणि पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या. त्यांचा मुलगा २०१० साली क्लिंटन यांचा जावई झाला. एकता-बिकता कपूरलासुद्धा असे कथानक सुचले नसते.

त्या रात्रीनंतर माझे पॅड मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. पहिल्या दोन रकान्यांतली नव्याण्णव नावे मी बिनचूक लिहिली होती. पण विधेयकातले आकडे ठरले होते ते बोरेन, कोल, डीकॉन्सिनी आणि केरी यांच्या पायांशी. ज्याचे मत मला सोमवारीच ठाऊक होते, ते बाकी सर्वांनाही सोमवारीच ठाऊक होते, आणि त्याला कोणी काही विचारायला गेले नव्हते.

याला एक मोठा अपवाद त्याआधी, १९८६ साली, घडून गेला होता. एप्रिलमध्ये अर्थसमितीत जो तो आपापल्या धंद्याच्या सवलती घुसडू लागला. तेव्हा अध्यक्ष बॉब पॅकवुड यांनी काम थांबवले, एका मदतनिसाला घेऊन आयरिश टाइम्स नावाच्या पबमध्ये गेले आणि बिअरचे दोन जग रिचवत ठरवले की सवलती सरसकट छाटायच्या आणि दर एकदम खाली आणायचा. मे महिन्यात समितीत २०-०, जूनमध्ये सिनेटमध्ये ९७-३. वरचा दर ५० टक्क्यांवरून २८ वर आला. सगळ्यांच्याच सवलती एकदम जाऊ लागल्यावर एकेकाला स्वतंत्रपणे विकत घ्यायला काही उरले नाही. कर वाचवण्यासाठी कुठल्याशा इमारतीत भागीदारी घेतलेली आपली काही डॉक्टर मंडळी त्या वर्षी फार हळहळली, ते आठवते. असे पुन्हा घडलेले मी पाहिले नाही.

पुढचा प्रसंग आपल्या अधिक जिव्हाळ्याचा. २०१७ साली रिपब्लिकनांकडे सिनेटमध्ये ५२ मते होती. राज्याला आणि गावाला भरलेला कर केंद्राच्या रिटर्नमध्ये वजा करण्याची जुनी सोय सिनेटच्या मसुद्यातून संपूर्ण काढलेली होती. एव्हाना आम्ही नागरिक झालो होतो, मतेही देत होतो. पण न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया या तिन्ही राज्यांचे सहाही सिनेटर डेमोक्रॅट, म्हणजे सहाही जण पक्के 'नाही'. माझ्या पॅडवर ती नावे मी सर्वांत आधी लिहिली, आणि पेन खाली ठेवताना लक्षात आले की आपले काम झाले!

तिसऱ्या रकान्यात होते विस्कॉन्सिनचे रॉन जॉन्सन, मेनच्या सुझन कॉलिन्स, टेनेसीचे बॉब कॉर्कर. जॉन्सन अडून बसले, तेव्हा छोट्या धंद्यांची वजावट सिनेटच्या मसुद्यात १७.४ टक्क्यांवरून २३ वर गेली (अंतिम कायद्यात ती २० झाली). कॉलिन्स यांनी आग्रह धरला म्हणून हाउसप्रमाणे सिनेटच्या मसुद्यातही घराच्या करापुरती १०,००० डॉलरची वजावट परत आली. २ डिसेंबरच्या पहाटे, समासात हाताने खरडलेल्या दुरुस्त्यांसह, ते ५१-४९ मतांनी मंजूर झाले. रिपब्लिकनांपैकी फक्त कॉर्कर 'नाही' म्हणाले, आणि २० डिसेंबरच्या अंतिम मतदानात तेही 'हो' झाले. एडिसनच्या आमच्या गल्लीत ज्यांचा घराचा करच दहा हजारांच्या घरात जातो, त्यांना जे काही मिळाले त्यात न्यू जर्सीच्या सिनेटरांचा काही वाटा नव्हता. मेनच्या एक बाई घुटमळल्या होत्या.

हाउसमध्ये न्यू जर्सीचे पाच रिपब्लिकन होते. त्यांपैकी चौघांनी विरोधात मत दिले. पण तिथे बहुमत वीसहून अधिक मतांचे, त्यामुळे चौघांच्या विरोधाने कोणाची झोप उडाली नाही.

२०२५ साली हे पारडे फिरले. आता हाउसमधले बहुमतच चार-दोन मतांचे होते. मे महिन्यात पहिल्यांदा विधेयक गेले ते २१५ विरुद्ध २१४. न्यू यॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाचे मूठभर रिपब्लिकन अडून बसले आणि दहा हजारांची मर्यादा चाळीस हजारांवर गेली. त्याच मसुद्यात नागरिक नसलेल्यांनी मायदेशी पाठवलेल्या पैशांवर ३.५ टक्के कर होता. आपल्याकडे त्या काळात ज्याच्या त्याच्या तोंडी तोच विषय. सिनेटमध्ये तो एक टक्क्यावर आला, आणि तोही रोख किंवा मनीऑर्डरने पाठवणाऱ्यांपुरता. बँकेच्या खात्यातून पाठवणारे सुटले.

१ जुलैला सिनेटमध्ये पुन्हा ५०-५० झाले आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी कोंडी फोडली. कॉलिन्स, रँड पॉल आणि टॉम टिलिस हे तीन रिपब्लिकन 'नाही'त होते. टिलिस यांनी तर दोनच दिवस आधी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले होते. शेवटपर्यंत तळ्यात-मळ्यात राहिल्या त्या अलास्काच्या लिसा मर्कोव्स्की. त्यांनी 'हो' म्हटले. कायद्यात अलास्कासाठी ज्या तरतुदी आल्या, त्यांत देवमासे पकडणाऱ्या नौकांच्या कप्तानांची खर्चाची वजावटही होती. तीही दहा हजारांवरून पन्नास हजारांवर गेली.

या वेळी मी पैज लावली नव्हती. सौभाग्यवतीने मात्र आदल्या रात्रीच सांगितले होते, "ती बाई अजून बोलत बसली आहे ना, मग देणार मत." चाळीस हजारांची आपली मर्यादा २०३० साली पुन्हा दहा हजारांवर यायची आहे. कपाटातून नवे पॅड काढून ठेवले आहे.