पेटीतले मांजर आणि हरवलेल्या काड्या

बीडहून सोलापूरकडे निघाले, की वाटेत मांजरसुंबा लागते. येथून एक रस्ता केज-अंबाजोगाईकडे फुटतो, दुसरा पाटोद्याकडे. या फाट्यावर राहणाऱ्या एका शिक्षक मित्राच्या घरी दिवाळीच्या सुट्टीत जाणे झाले. त्यांच्या पुतण्याने अमेरिकेहून 'टॉम अँड जेरी'च्या डीव्हीडींचा संच आणला होता. आळीतली दहा-बारा मुले टीव्हीसमोर बसली होती आणि "मांजरसुंब्यात मांजर आलं" हा विनोद त्यांचा करून संपला होता. मित्र म्हणाले, "तुम्ही विज्ञानवाले. हसून झालं की यातून वर्गात काय सांगता येईल ते सांगा." पुढचे लेखन त्या सूचनेतून झाले. संचाचे परीक्षण करायला बसलो आणि वाट इतिहासाकडे वळली.

पेटीत काय आहे

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएम कंपनीसाठी 1940 ते 1958 या काळात टॉम आणि जेरीचे 114 लघुपट केले. त्यांना 7 ऑस्कर पारितोषिके मिळाली. 2004 ते 2007 या काळात हे लघुपट अमेरिकेत तीन भागांच्या डीव्हीडी संचात निघाले. आमच्यासमोर होता तो हाच संच. तबकड्या अमेरिकी विभागासाठी बनवलेल्या असल्याने सर्व विभागांच्या तबकड्या चालवणारा प्लेअर लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

एक लघुपट साधारण सात मिनिटांचा. सिनेमाच्या फितीवर दर सेकंदाला 24 चौकटी असतात. म्हणजे सात मिनिटांत 10,080 चौकटी आणि 114 लघुपटांत सुमारे साडेअकरा लाख! प्रत्येक चौकटीसाठी वेगळे चित्र काढत नसत. संथ हालचालीत एकच चित्र दोन चौकटींना चाले, धावपळीच्या प्रसंगी मात्र दर चौकटीला नवे चित्र लागे. कथाचित्रांची जबाबदारी मुख्यतः बार्बेरांची, तर कोणती हालचाल किती चौकटींत बसवायची याचा हिशोब हॅना करीत. टॉमची ती सुप्रसिद्ध किंकाळीही हॅना यांचीच. स्कॉट ब्रॅडली यांचे संगीतही चौकटी मोजूनच बसवलेले असे. दर बारा चौकटींना एक ठोका, म्हणजे मिनिटाला 120 ठोके. सातवी-आठवीच्या मुलांना प्रमाणाचे गणित शिकवायला याहून गोड उदाहरण सापडणार नाही.

या लघुपटांत बोलणे फारसे नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियात काढलेले मांजर मांजरसुंब्याच्या मुलांना भाषांतराशिवाय समजते.

थांबवून पाहण्याची सोय

मुलांना मी पहिला प्रश्न विचारला, "चित्र हलते कुठे?" उत्तर आले, "टीव्हीवर." मग प्लेअर थांबवून एकेक चौकट पुढे सरकवली. टॉम भिंतीवर आपटण्याच्या आधी तीन-चार चौकटी रबरासारखा लांब होतो आणि आपटल्यावर पोळीसारखा चपटा होतो. एकाही चौकटीत तो हलत नाही. मुले एकदम शांत झाली. एक मुलगी म्हणाली, "मग हलवतंय कोण?"

तिचा प्रश्न मोलाचा आहे, कारण आपण वर्गात त्याचे उत्तर बहुधा अपुरे देतो. प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावर क्षणभर टिकते आणि म्हणून चित्रे एकमेकांत मिसळतात, हे दृष्टिसातत्याचे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत आढळते. केवळ तेवढेच घडत असते, तर चित्रांवर चित्रे साचून नुसता गिचमिडकाला दिसला असता. थोड्या अंतरावर, थोड्या वेळाने दिसलेल्या दोन स्थिर आकृतींमधून मेंदू 'एकच वस्तू हलली' असा अर्थ लावतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी 1912 मध्ये प्रयोगांच्या आधारे हे मांडले. लुकलुक न जाणवणे हा वेगळा मुद्दा आहे. त्यासाठी प्रक्षेपकातील झडप प्रत्येक चौकट निदान दोनदा दाखवते आणि सेकंदाला 24 ऐवजी 48 वेळा प्रकाश पडद्यावर येतो. हलवणारा मेंदू आहे, हे त्या मुलीला सांगितले तेव्हा तिने आधी अविश्वासाने डोळे चोळले.

चौकट थांबवण्याची ही सोय प्रेक्षकाच्या हाती फार उशिरा आली. चित्रपटगृहात यंत्र चालवणाराच राजा असे. व्हीएचएस पद्धतीची कॅसेट 1976 मध्ये जपानमध्ये निघाली. आपल्याकडे 1982 च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्हीबरोबर व्हिडिओचाही प्रसार झाला. रात्रीच्या 'व्हिडिओ कोच' गाड्या आणि गणेशोत्सवात रात्रभरासाठी भाड्याने आणलेला व्हीसीआर ज्यांना आठवतो, त्यांना विराम दिल्यावर पडद्यावर उमटणारी पांढरी खरखरही आठवेल. फीत थांबली तरी वाचणारे शीर्ष फिरतच राहते, तोच तिरपा पट्टा पुन्हा पुन्हा वाचते आणि तो अचूक सापडला नाही की खरखर येते. डीव्हीडीने ही अडचण दूर केली.

जाता जाता आणखी एक गंमत. आपल्या दूरदर्शनची पॅल पद्धत सेकंदाला 25 चौकटींची. 24 चौकटींचा सिनेमा तिच्यावर सहसा तसाच, किंचित वेगाने चालवला जाई. सात मिनिटांचा लघुपट त्यामुळे सुमारे 17 सेकंद आधी संपतो आणि सगळे आवाज थोडे चढे लागतात. 420 ला 24 ने गुणून 25 ने भागा आणि पडताळून पाहा.

जे हलले नाही ते पुन्हा काढू नये

इतकी चित्रे काढणे परवडे कसे? अर्ल हर्ड या अमेरिकी चित्रकाराने 1914 मध्ये एका युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पात्रे पारदर्शक सेल्युलॉइडवर काढायची आणि खाली पार्श्वभूमीचे एकच चित्र ठेवायचे. खोली, खुर्ची, खिडकी एकदाच काढायची आणि मांजर तेवढे पुन्हा पुन्हा.

डीव्हीडीवर चित्रपट मावतो तोही याच जातीच्या युक्तीने. 4.7 गिगाबाइटच्या तबकडीवर प्रत्येक चौकट संपूर्ण नोंदवू गेलो, तर ती काही मिनिटांतच भरेल. म्हणून काही चौकटी पूर्ण नोंदवतात आणि मधल्या चौकटींसाठी फक्त 'काय बदलले' एवढेच लिहितात. चित्रकाराने 1914 मध्ये जी काटकसर हाताने केली, तीच आठ दशकांनी अभियंत्यांनी गणिताने केली.

1957 मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला. हॅना-बार्बेरा टीव्हीकडे वळले आणि पैसा कमी असल्याने काटकसर आणखी वाढली. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर असते ती का? मान तेथे झाकली गेली, की धड तसेच ठेवून फक्त डोके नव्याने काढता येते. दोन्ही काळांतील चित्रे शेजारी ठेवली, तर मुले हा फरक स्वतः शोधून काढतात.

आगकाड्यांची मौज

येथवर सारे अमेरिकेचे झाले. मित्राच्या मुलाने विचारले, "आपल्याकडे असं कोणी केलंच नाही का?"

केले होते, आणि टॉमच्या जन्माआधी पंचवीस वर्षे! दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' करण्यापूर्वी कुंडीत लावलेल्या बीजाचे रोज थोडे थोडे चित्रण करून 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात दिसली आणि ती पाहून भांडवल द्यायला माणूस तयार झाला. एक चौकट घ्यायची, थांबायचे आणि पुन्हा एक चौकट घ्यायची, हे यामागचे तत्त्व. रोप स्वतः वाढते. त्याच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून दोन चौकटींच्या मधल्या वेळात ती हाताने सरकवली, की ती जिवंत होते. 1915 च्या सुमारास फाळक्यांनी नेमके हेच केले. त्यांच्या 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काडेपेटीतल्या काड्या पडद्यावर हालचाल करीत. फ्रान्समध्ये एमील कोल यांनी 1908 मध्ये काड्यांवर असाच प्रयोग केला होता.

पुण्यात 'प्रभात'नेही 1934 मध्ये 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा कार्टूनपट काढला.  पुढे मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने 1956 च्या सुमारास कार्टून विभाग सुरू केला आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवायला आले. त्या विभागात तयार झालेल्या राम मोहन यांनी 'होमो सॅप्स' (1967) आणि 'यू सेड इट' (1972) यांसारखे विनोदी लघुपट केले.

"मग ते लावा ना," मुलांनी म्हटले. 'आगकाड्यांची मौज' लावता येत नाही. तो काळाच्या ओघात नष्ट झाला.

आग आणि प्रती

जुनी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचा सख्खा भाऊ. जळताना तो स्वतःच ऑक्सिजन पुरवतो, त्यामुळे वाळू किंवा पाणी टाकून आग विझत नाही. आग न लागताही तो हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि शेवटी त्याची भुकटी होते. त्यात भर म्हणजे फिल्ममध्ये चांदी असते. चित्रपट चालेनासा झाला, की चांदीसाठी फिल्म मोडीत काढण्याची रीत जगभर होती.

1978 मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन संग्रहालयाच्या नायट्रेट कोठाराला आग लागली. एमजीएमच्या अनेक मूळ निगेटिव्ह तिच्यात गेल्या. टॉम-जेरीच्या सुरुवातीच्या लघुपटांच्या निगेटिव्हही त्यांत होत्या, असे अभ्यासक सांगतात. पुण्यात 8 जानेवारी 2003 रोजी प्रभातच्या जुन्या आवारातील कोठाराला आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या.

आग दोन्हीकडे लागली. तरीही मांजर आपल्यासमोर उड्या मारते आहे, कारण त्याच्या प्रती दुसरीकडे होत्या. 'राजा हरिश्चंद्र'चा उपलब्ध भागही आपण पाहू शकतो, कारण त्याची प्रत न पेटणाऱ्या फिल्मवर आधीच घेतली होती. काड्यांची प्रत कोणी घेतली नाही. फाळक्यांची कला कमी पडली म्हणून त्या हरवल्या नाहीत. पौराणिक चित्रपट मोठा आणि काड्यांचा खेळ पोरखेळ, अशी आपली समजूत होती, असे मला वाटते. विनोद आणि मुलांसाठी केलेले काम जपण्याजोगे आहे, हे आपल्याला उशिरा सुचते.

या संचाचीही एक उणीव सांगायला हवी. तिसऱ्या भागात 1948 चा एक आणि 1951 चा एक असे दोन लघुपट गाळले आहेत, कारण त्यांत कृष्णवर्णीयांची टिंगल आहे. ती टिंगल वाईटच, आणि लहान मुलांना ती विचार न करता दाखवू नये. पण मोठ्यांसाठी, इतिहास म्हणून काढलेल्या संचात ती प्रस्तावनेसह ठेवायला हवी होती. पेटीतून गाळल्याने ती घडलीच नाही असे होत नाही. काय जपले जाते हे जसे पाहावे, तसेच जपणाऱ्याने काय वगळले तेही पाहावे.

वर्गात काय करता येईल

दुसऱ्या दिवशी आम्ही काड्या घेतल्या. त्यांची गुले मोठ्यांनी आधीच खुडून टाकली होती. मोबाइल दोन विटांच्या मध्ये घट्ट बसवला आणि खाली काळा कागद पसरला. काडी गव्हाच्या दाण्याएवढी सरकवायची, हात बाजूला घ्यायचा आणि फोटो काढायचा. 48 फोटो झाले. सेकंदाला 12 या गतीने चार सेकंदांचा चित्रपट तयार झाला. काड्यांचा माणूस चालला, अडखळला आणि पडला. मुले एवढी हसली की शेजारचे लोक पाहायला आले. पडण्याआधी तो दोन चौकटी थांबवला, तर हसू जास्त येते, हे मुलांनी तिसऱ्या प्रयत्नात स्वतः शोधले. हॅनांचे चौकटींचे गणित ते हेच.

मित्राने त्या चित्रपटाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या. कागदावर तारीख आणि करणाऱ्या मुलांची नावे लिहून तो कागदही जपून ठेवला. तबकडी ओरखडते, पेनड्राइव्ह बिघडतो, चुंबकीय फितीला बुरशी लागते. दर काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवत राहणे हाच त्यावर उपाय आहे. आपल्या शाळेच्या कपाटात विज्ञान प्रदर्शनाच्या किंवा स्नेहसंमेलनाच्या जुन्या कॅसेट असतील, तर त्या वाचणारे यंत्र मिळते आहे तोवर उतरवून घ्या.

निघताना त्या मुलीने विचारले, "फाळक्यांच्या काड्या पडल्या होत्या का हो, की नाचत होत्या?"

तिला उत्तर द्यायला माझ्याकडे चित्रपटाचे नाव होते, साल होते. दाखवायला एकही चौकट नव्हती.