अंतर ठेवायचं, पण कुठं?

मंडळी, आधी ऑक्टोबर १८९६ मध्ये जाऊ. प्लेगच्या त्या दिवसांत मुंबईतल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. आपण त्यांना अडाणी म्हणून मोकळे होतो. पण त्यांची धास्ती साधी होती: तिथं नेलेला माणूस परत येत नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं तोच कायदा पुन्हा लागू केला.

आता ठाण्याचं वागळे इस्टेट बघा. १९६२ नंतर एमआयडीसीच्या कारखान्यांभोवती वाढलेली दाट वस्ती. एका खोलीत अख्खं घर, शौचालय सार्वजनिक. तिथं अंतर ठेवायचं म्हणजे नेमकं कुठं सरकायचं? लोकांना बेशिस्त ठरवण्याआधी इतिहासाच्या विद्यार्थ्यानं त्यांची खोली मोजावी.