परिपथ-चिन्हांचा अर्थ : एक ऐतिहासिक विचार

वाशीम जिल्ह्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला इलेक्ट्रॉनिक परिपथाची आखणी व चाचणी आज संगणकावर करता येते, आणि त्यासाठी परवान्याचे मूल्य देण्याचे कारण उरलेले नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने सिद्ध केलेली ‘ईसिम’ ही प्रणाली सर्वांस खुली आहे. तथापि, प्रणाली हाती आली म्हणजे तिच्यातील चिन्हांचा अर्थही हाती आला, असे नव्हे. हा अर्थ केवळ आकृती पाहून उमगत नाही; तो इतिहासाने घडविलेला आहे.

डायोडचे चिन्ह पाहावे. विद्युतेचे धन व ऋण हे संकेत अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिनने रूढ केले. पुढे १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि तारेतील कण या संकेताच्या उलट दिशेने वाहतात, हे स्पष्ट झाले. संकेत मात्र बदलला नाही. डायोडमधील बाण आजही फ्रँकलिनची दिशा दाखवितो, इलेक्ट्रॉनची नव्हे.

ट्रान्झिस्टरचे चिन्ह याहून बोलके आहे. १९४७ च्या डिसेंबरात बार्डीन व ब्रॅटन यांनी घडविलेल्या पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये जर्मेनियमच्या तुकड्यावर धातूची दोन टोके जवळजवळ टेकविलेली होती. चिन्हातील जाड रेषा म्हणजे तो तुकडा व दोन तिरप्या रेषा म्हणजे ती टोके होत. ती रचना लवकरच मागे पडली; तिचे चित्र तेवढे उरले. चिन्हे सर्वत्र एकरूपही नाहीत : रोधकासाठी अमेरिकी प्रघात नागमोडी रेषेचा, तर आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाचा आयताचा आहे.

संगणकाने या चिन्हांना दुसरा अर्थ दिला. १९७३ साली बर्कली येथील विद्यापीठातून ‘स्पाइस’ हा कार्यक्रम पुढे आला. ईसिममध्ये आरेखनाचे काम १९९२ साली आरंभ झालेला ‘कायकॅड’ करतो, तर गणिताचे काम स्पाइसचा वंशज ‘एन्जीस्पाइस’ करतो. हा दुसरा कार्यक्रम चित्र पाहत नाही, तो जोडण्यांची यादी वाचतो. त्या यादीत ट्रान्झिस्टरच्या ओळीचे आद्याक्षर ‘क्यू’ असते. त्यापुढे संग्राहक, आधार व उत्सर्जक हाच क्रम लागतो, आणि शेवटी प्रतिमानाचे नाव येते. भूमीचे चिन्ह म्हणजे त्याच्या लेखी शून्य क्रमांकाचा संधिबिंदू.

येथेच अनर्थ संभवतो. स्पाइस लहानमोठ्या रोमन अक्षरांत भेद करीत नाही. ‘एम’ म्हणजे सहस्रांश, आणि दशलक्षासाठी ‘मेग’ लिहावे लागते. दहा लक्ष ओहमांचा रोधक योजून ज्याने मोठ्या लिपीतील ‘१ एम’ लिहिले, त्याच्या परिपथात एक सहस्रांश ओहमच बसतो. चूक शंभर कोटी पटींची, पण आकृती निर्दोष!

म्हणून परिपथ-चिन्हाचे वाचन दुहेरी असावयास हवे. मनुष्यासाठी ते परंपरेने दिलेले चित्र आहे. यंत्रासाठी ते नाव, क्रम, प्रतिमान व परिमाण यांची ओळ आहे. आकृती काढून होताच ती यादीही उघडून वाचणे, हा अभ्यासाचा भाग मानला पाहिजे.