शंभरांतले तेरा

डॉ. ई. डोनॉल थॉमस या अमेरिकन वैद्यांस अस्थिमज्जारोपणाबद्दल 1990 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि त्यांच्या कार्याचा इतिहास बहुधा त्या सालापासून उलट दिशेनें लिहिला जातो. शेवटचें यश आधींच ठाऊक असलें म्हणजे मधलीं अपयशें पायऱ्यांसारखीं दिसूं लागतात. ज्यांनीं तीं भोगलीं त्यांना तेथें पायरी दिसत नव्हती, हें लिहिणारा विसरतो. आम्ही येथें प्रारंभापासूनच निघूं इच्छितों.

लहान मुलांस होणारा तीव्र ल्यूकेमिया म्हणजे रक्त घडविणाऱ्या मज्जेंतच माजलेली बंडाळी. 1948 पूर्वीं हा रोग ओळखला गेला कीं पुढें कांहीं आठवड्यांचा किंवा महिन्यांचाच हिशेब उरे. त्या वर्षीं बोस्टन येथील सिडने फार्बर यांनीं अमिनोप्टेरिन हें औषध 16 मुलांना दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पैकीं 10 मुलांस कांहीं काळ उतार पडला. हें औषध लेडर्ले प्रयोगशाळेंतून आलें होतें, व तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रांतील भीमवरमचे येल्लाप्रगड सुब्बाराव. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें ते निवर्तले. फार्बरांचें नांव प्रत्येक ग्रंथांत सांपडतें, सुब्बारावांचें शोधावें लागतें. पण ही आमची जुनी तक्रार आहे आणि तिला येथें जागा नाहीं.

औषधानें रोग दबे, निर्मूळ होत नसे. थॉमस यांचा विचार असा कीं, किरणांनीं रोग्याची सगळी मज्जाच नष्ट करावी आणि दुसऱ्याची निरोगी मज्जा शिरेवाटे घालावी. तींतील मूलपेशी हाडांत घर करून नवें रक्त घडवितील. विचार सरळ, अनुभव भीषण. 1957 सालीं त्यांनीं सहा रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांतील एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाहीं. एकरूप जुळ्या भावंडाची मज्जा रुजे, परंतु कांहीं महिन्यांत ल्यूकेमिया परते. परक्याची मज्जा एक तर शरीर झिडकारी, नाहीं तर पाहुण्यानेंच घरधन्यावर उठावें तशी ती रोग्याच्या त्वचेवर, यकृतावर व आंतड्यांवर तुटून पडे. पुढें जगभरच्या सुमारें 200 रोपणांचा आढावा 1970 सालीं निघाला, तेव्हां त्यांतील बहुतेक रोगी मृत होते. अनेक संशोधकांनीं हा मार्ग सोडला.

थॉमस यांनीं तो सोडला नाहीं, पण माणसांवरील प्रयोग त्यांनीं बव्हंशीं आवरले व ते कुत्र्यांकडे वळले. आमच्या मतें त्यांच्या चरित्रांतील हीच सर्वांत मोठी गोष्ट होय. पुढें रेटणाऱ्याचें धैर्य सर्वांना दिसतें. आपण अजून अज्ञानी आहों हें जाणून हात आखडण्याचें धैर्य कोणी मोजीत नाहीं. ज्याँ दोसे यांनीं 1958 सालीं मानवी ऊतींच्या खुणा ओळखण्याचा मार्ग उघडला होता. तशाच खुणा जुळणारीं एका वेतांतील पिल्लें निवडलीं आणि रोपणानंतर मेथोट्रेक्सेट दिलें, तर कुत्रीं दीर्घकाळ जगत, असें दिसून आलें. हें मेथोट्रेक्सेट अमिनोप्टेरिनचेंच भावंड, आणि तेंही त्याच प्रयोगशाळेचें.

1969 सालीं सिॲटल येथें माणसांवर पुन्हा आरंभ झाला. 1977 सालीं 100 रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. इतर सर्व उपाय हरलेले हे लोक. पैकीं 13 रोगमुक्त जिवंत होते. हा आकडा यश म्हणावा कीं अपयश? ज्यांचा मृत्यु ठरलेला होता त्यांतील तेरा परतले, हें खरें. उरलेल्या 87 जणांना तें लाभलें नाहीं, हेंही खरें. परंतु हा आकडा लपविला गेला नाहीं. त्यावरूनच, रोग दबलेला असतांना, म्हणजे शरीर थकण्यापूर्वीं, रोपण करावें हें उमगलें, व फळ पुष्कळ सुधारलें.

आज संपन्न देशांत लसिकापेशींच्या ल्यूकेमियाचीं दहांपैकीं आठांहून अधिक मुलें बहुतांशीं केवळ औषधांनींच बरीं होतात. रोपण उलटलेल्या वा हट्टी रोगासाठीं राखून ठेवलेलें असतें. मुंबईच्या टाटा रुग्णालयांत भारतांतील पहिलें यशस्वी मज्जारोपण 1983 सालीं झालें. तें करणारे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणींच्या पोलिओमुळें चाकांच्या खुर्चीवरून वावरणारे, आणि सिॲटलला थॉमस यांच्याकडे शिकून आलेले. रोगी नऊ वर्षांची मुलगी होती. मज्जा तिच्या भावानें दिली.