सुरुंगशोधकाचे वजन आणि शोधणाऱ्याचा हात

‘मेटल डिटेक्टर’ म्हटले की पुणेकरांना गणेशोत्सवातील मंडपाचे प्रवेशद्वार किंवा मॉलच्या दारातील रखवालदार आठवतो. मात्र या उपकरणाचा सर्वांत जोखमीचा वापर जमिनीतील भूसुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा शोधण्यासाठी होतो. त्या कामाशी पुण्याचे नाते जुने आहे. ‘बॉम्बे सॅपर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्र खडकीत आहे, तर दापोडीत लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या कामात यंत्र किती संवेदनशील आहे, याइतकेच ते तासन्‌तास पेलणारा हात किती वेळ स्थिर राहतो, हेही महत्त्वाचे ठरते.

चौदा किलोंचे ओझे

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी सुरुंग शोधण्याची भिस्त प्रामुख्याने डोळे, हात आणि टोकदार सळई यांवर होती. बॉम्बे सॅपर्समध्ये सेवा बजावणारे सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ च्या प्रारंभी ॲबिसिनियाच्या आघाडीवर सलग चार दिवस, सुमारे ५५ मैलांच्या टापूत १५ सुरुंगक्षेत्रे शोधून मोकळी करून घेतली. स्फोटाने कानाचा पडदा फाटलेला, शरीर थकलेले असतानाही त्यांनी बदली नाकारली. या कामाचा आपल्याला आता सराव झाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या कामगिरीबद्दल त्यांना ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला.

त्यानंतर काही महिन्यांतच, १९४१-४२ च्या हिवाळ्यात, पोलंडचे अभियंता-अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून चालविण्याचा सुरुंगशोधक तयार केला. ऑक्टोबर १९४२ मधील एल अलामीनच्या लढाईत तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. सुरुंग हटविण्याचा वेग ताशी सुमारे १०० मीटरवरून २०० मीटरवर गेला. या यंत्राचे वजन मात्र जवळजवळ १४ किलो होते. आजचे हातातील सुरुंगशोधक साधारणपणे दोन ते साडेतीन किलोंचे असतात. छंदासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांपैकी ‘मिनलॅब इक्विनॉक्स ८००’चे वजन १.३४ किलो आहे. फ्रान्सच्या ‘एक्सपी डीयस’चे वजन तर एक किलोच्याही आत आहे.

वजनापेक्षा तोल महत्त्वाचा

तथापि, वजनकाट्यावरील आकडा पूर्ण सत्य सांगत नाही. वजन हातापासून किती अंतरावर आहे, यावर श्रम ठरतात. शोधक चकती अर्धा किलोची असून ती मुठीपासून एक मीटर पुढे असेल, तर मुठीवर सुमारे ५ न्यूटन-मीटर इतका पिळ पडतो. तेच वजन निम्म्या अंतरावर आणले, तर पिळही निम्मा होतो. म्हणूनच चकती हलकी करणे हे दांड्याच्या मागील भागातील वजन घटविण्यापेक्षा अधिक फायद्याचे ठरते.

अनेक यंत्रांत बॅटरी आणि नियंत्रण पेटी कोपराखाली बसवितात, त्यामागे हेच गणित आहे. मुठीच्या मागे ३० सेंटिमीटर अंतरावर ६०० ग्रॅम वजनाची बॅटरी ठेवली, तर पुढील चकतीमुळे पडणारा पिळ सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. कोपराजवळचा पन्हळीसारखा आधारही महत्त्वाचा असतो. पुढचे टोक खाली झुकू लागले की हा आधार बाहूच्या खालच्या बाजूला टेकतो आणि मनगटावरचा भार बाहूकडे जातो. दांड्याची लांबी आणि आधाराची जागा उंचीनुसार बदलून घेतली नाही, तर हा लाभ मिळत नाही.

या उपायाला मर्यादाही आहे. मागे वजन वाढविले की मनगट सुटते. परंतु एकूण भार खांद्यावर येतो. शिवाय शोध घेताना यंत्र डावी-उजवीकडे सतत फिरवावे लागते. प्रत्येक फेरीच्या टोकाला चकती थांबवून उलट दिशेने न्यावी लागते. त्यासाठी लागणारी ताकद अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. साहजिकच लांब दांड्यावरची मोठी चकती खांद्याला लवकर दमवते.

थकवा कसा येतो

स्नायू एकाच स्थितीत ताणलेला राहिला की त्यातील रक्तवाहिन्यांवर दाब येतो आणि रक्तपुरवठा मंदावतो. जर्मन श्रमशास्त्रज्ञ वॉल्टर रोहमर्ट यांनी १९६० मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, कमाल ताकदीच्या निम्म्या जोराने धरलेली स्थिती साधारण एक मिनिटच टिकते. जोर १५ टक्क्यांच्या खाली असेल, तर ती दीर्घकाळ टिकू शकते. पुढील अभ्यासांत ही मर्यादा आणखी खाली असल्याचे दिसून आले. म्हणजे यंत्र उचलताना हलके वाटले, तरी चार तासांनी ते तसेच वाटेल, याची खात्री नसते. वारंवार होणाऱ्या ताणातून ‘टेनिस एल्बो’सारखे दुखणेही मागे लागू शकते.

सुरुंग शोधताना या थकव्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते. हात दमला की फेरीच्या दोन्ही टोकांना चकती नकळत वर उचलली जाते. चकती जितकी वर, तितकी जमिनीतील शोधाची खोली कमी. लहान वस्तूपासून मिळणारा संकेत अंतर वाढताच झपाट्याने क्षीण होतो. आधुनिक सुरुंगांचे आवरण बहुधा प्लॅस्टिकचे असते आणि धातू नाममात्र असतो. त्यामुळे दोन-तीन सेंटिमीटरचा फरकही निर्णायक ठरू शकतो. वेग वाढला किंवा दोन फेऱ्यांमध्ये पट्टा सुटला, तरी धोका तोच.

म्हणून हे काम ठराविक वेळेने जवान बदलून करणे श्रेयस्कर असते. युद्धभूमीवर मात्र ती सोय नसते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावर बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे जखमी असूनही ८ ते ११ तारखेपर्यंत सुरुंग आणि रस्त्यावरील अडथळे हटवीत राहिले. कारवार परिसरातील चेंडिये गावच्या या सुपुत्राला ‘परमवीर चक्र’ मिळाले. त्यांचे निधन १९९४ मध्ये पुण्यात झाले.

शहरातील बंदोबस्त

१३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत झालेल्या स्फोटात १७ जणांचा मृत्यू झाला. १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले. अशा घटनांनंतर तपासणीचे महत्त्व शहराला नव्याने पटले. तपासणीसाठी सर्रास वापरला जाणारा ‘गॅरेट सुपर स्कॅनर’ सुमारे अर्ध्या किलोचा आहे. परंतु प्रत्येक व्यक्तीमागे तो खांद्यापासून घोट्यापर्यंत फिरवावा लागतो. शेकडो व्यक्तींनंतर हात आखूड फिरू लागतो आणि तपासणी केवळ उपचार बनते. हात आलटून-पालटून वापरणे, दोघांनी पाळीपाळीने उभे राहणे आणि कोपर शरीराजवळ ठेवणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

अधिक धोक्याच्या कामासाठी माणसाचा हातच दूर ठेवण्याचा पर्यायही पुण्यातच विकसित झाला आहे. संशयास्पद वस्तू हाताळणारा ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित यंत्रमानव दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेने तयार केला.

हौशी शोधकांसाठी

छंद म्हणून हे यंत्र घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खरेदीपूर्वी यंत्र किमान १५ मिनिटे फिरवून पाहावे. केवळ उचलून पाहिल्याने तोल कळत नाही. दुसरी बाब कायद्याची. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. शनिवारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकाच्या परिसरात परवानगीशिवाय उत्खनन करणे हा गुन्हा आहे.