डाळिंबाचा हरपलेला रंग

महंमद तुघलखाने १३२७ साली राजधानी देवगिरीस हलविली आणि तिचे दौलताबाद केले, ही कथा शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. पुढे तेथे आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने किल्ल्याच्या तळघरातील मांजराहून मोठ्या उंदरांचे वर्णन केले, आणि द्राक्षे व डाळिंबे येथे वर्षातून दोनदा येतात, असेही लिहून ठेवले. उंदरांचे राहू द्या; डाळिंबाचे खोटे नसावे. आपला बागाईतदार आजही पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि आंबे, मृग वा हस्त यांपैकी हवा तो बहार धरतो.

दख्खनेत रुजलेल्या या फळाच्या आळंदी जातीचा दाणा लालभडक, पण बी दाताखाली कचकन् लागणारे. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ साली याच आळंदीतून मऊ बियांचे झाड निवडले. तेच 'गणेश'. पोरेबाळे खूश झाली. मात्र दाणा फिकट गुलाबी झाला. मऊपणा आला आणि लाली गेली!

ही लाली अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याची. रंगाऱ्याच्या कारखान्याप्रमाणे झाड ते टप्प्याटप्प्याने तयार करते आणि प्रत्येक टप्प्यावर एकेका जनुकाची देखरेख असते. इस्रायली शास्त्रज्ञांनी २०१५ साली पांढऱ्या डाळिंबाचे कोडे उलगडले, तेव्हा दिसले की बिनरंगी द्रव्याला रंग चढविणाऱ्या जनुकातच एक परका तुकडा घुसला होता. एवढ्याने सारा कारखाना बंद!

आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने जनुकाला चिमटा लावला नाही. 'गणेश'चा संकर 'गुल-ए-शाह रेड' या तांबड्या रशियन जातीशी केला आणि संततीतून चाळण घेत 'मृदुला', 'आरक्ता' व 'भगवा' निवडले. मऊ बी राहिले, लाली परतली. हे काम मला राजधानी हलविण्याहून मोठे वाटते.

भगव्याची जाड, चकचकीत साल दूरच्या प्रवासात टिकते. म्हणून बागांमागून बागा त्याच्याच झाल्या. पण तेल्या रोगापुढे भगव्याचेही काही चालत नाही. सालीवर तेलकट डाग पडतो, फळ तडकते, आणि आतला दाणा कितीही लाल असला तरी व्यापारी त्याकडे पाहत नाही.