दौंडचे ११०३ कसे झाले?

मंडळी, आधी एक कोडं. दौंडचा एसटीडी कोड ०२११७. शिरूरचा ०२१३८. दोन्ही पाच आकडी, दोन्ही शून्याने सुरू होणारे, दोन्ही पुणे जिल्ह्यातले. व्हिम नावाच्या टेक्स्ट एडिटरची स्वतःची एक छोटी स्क्रिप्टिंगची भाषा आहे. तिच्यात हे दोन कोड दोन व्हेरिएबलमध्ये ठेवले, अवतरण चिन्हांत, म्हणजे रीतसर स्ट्रिंग म्हणून. मग दोघांत शून्य मिळवलं. शाळेतल्या गणिताप्रमाणे काही फरक पडायला नको. व्हिम सांगतो: शिरूर २१३८, दौंड ११०३.

शिरूरचं समजलं, पुढचं शून्य गळालं. पण दौंडने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

(आकडे मी इथे देवनागरीत लिहितोय, पण सध्या ते इंग्रजी आकडे आहेत असं समजून वाचा. देवनागरी आकड्यांची वेगळी गंमत आहे, ती शेवटी.)

हे कोडं माझ्याकडे आलं ते मामामुळे. मामा केडगावचा. भीमेच्या अलीकडे दौंड तालुका, पलीकडे शिरूर. दोन्हीकडच्या गावांत मिळून एक पतसंस्था होती, ती बंद पडली. नाव नको. ठेवी परत द्यायचं ठरलं आणि सभासदांना तालुक्यानुसार पत्रं पाठवायची म्हणून यादी काढली. यादी जुनी, लँडलाइनच्या काळातली: सभासद क्रमांक, नाव, गाव, कोड, फोन. तालुक्याचा रकानाच नाही. गावांची नावं दहा जणांनी दहा प्रकारे लिहिलेली, कुठे न्हावरे तर कुठे न्हावरा. म्हणून संस्थेतल्या कुणाच्या तरी ओळखीच्या एका हौशी पोराने व्हिममध्ये स्क्रिप्ट लिहून कोडवरून दोन ढीग केले. विचार अगदी योग्य होता. पोरगा शिरूरचा, त्याने शिरूरची नावं तपासली, सगळी जागेवर. दौंडचा ढीग मात्र रिकामा आणि ती सगळी माणसं 'इतर' नावाच्या तिसऱ्या ढिगात. 'इतर' म्हणजे नंतर बघू. मामाचा फोन आला, "अरे, आमच्याकडचं एक पण नाव नाहीये रे यादीत. ती समोरची आजी रोज येऊन विचारते."

स्क्रिप्टमध्ये ओळ एवढीच होती: कोड २१३८ असेल तर शिरूर, कोड २११७ असेल तर दौंड. आता हे असं का झालं ते सांगायचं तर दोन शून्यांचा इतिहास सांगावा लागतो.

पहिलं शून्य टेलिफोनचं. ब्रिटनमध्ये १९५८ साली ब्रिस्टलमधून ऑपरेटरशिवाय परगावी फोन लावायची सोय सुरू झाली, तिचं नाव सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग. आपल्याकडे १९६० मध्ये लखनौ-कानपूर अशी सुरुवात झाली आणि नावही तेच राहिलं, एसटीडी. पुढे पिवळ्या बूथवर रंगवलेली ही तीन अक्षरं आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी पाहिली असतील. यातलं सुरुवातीचं शून्य हा कोडचा भागच नाही. ती एक्स्चेंजला केलेली खूण आहे, की बाबा रे, मी आता गावाबाहेर चाललोय. अमेरिकेतून घरी फोन लावताना ९१ नंतर थेट २११७ लावतात, शून्य लावत नाहीत, ते म्हणूनच. २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना पुढे शून्य लावावं लागतं, तिथेही ती खूणच.

दुसरं शून्य बेल लॅब्जचं. १९६९ मध्ये केन थॉम्प्सनने युनिक्सची सुरुवात केली ती पीडीपी-७ या मशीनवर. त्याचा वर्ड १८ बिटांचा. अठराला तीनने भाग जातो, आणि तीन बिटांत बरोब्बर ० ते ७ मावतात. म्हणजे आख्खा वर्ड सहा आकड्यांत लिहिता येतो, जर आठ हा पाया धरला तर. हेच ऑक्टल. त्या मंडळींच्या हाताला ऑक्टलची इतकी सवय होती की थॉम्प्सनच्या बी भाषेत संख्येच्या पुढे नुसतं शून्य लावलं की ती ऑक्टल समजायची असा नियम झाला. बी मधून तो सी मध्ये आला, आणि सी मधून कुठे कुठे गेला ते विचारू नका: जावा, जुनं जावास्क्रिप्ट, पर्ल, बॅश. मशीन केव्हाच भंगारात गेलं, शून्य राहिलं. आपण सर्व्हरवर ७५५ परवानग्या देतो, त्याही त्याच घराण्यातल्या.

ब्राम मूलेनारचा व्हिम सी मध्येच लिहिलेला. १९९१ मध्ये तो अमिगा कॉम्प्युटरसाठी बाहेर पडला तेव्हा तो नुसता एडिटर होता. व्हेरिएबल, एक्स्प्रेशन, बिल्ट-इन फंक्शन ही सगळी भाषा १९९८ च्या पाचव्या आवृत्तीपासूनची. सुरुवातीला प्रकार दोनच, नंबर आणि स्ट्रिंग. लिस्ट आणि डिक्शनरी थेट २००६ च्या सातव्या आवृत्तीत आल्या. आणि या दोन प्रकारांत सख्ख्या भावांसारखी देवाणघेवाण. बेरजेचं चिन्ह दिसलं की स्ट्रिंगचा गुपचूप नंबर होतो. तुलनेत एका बाजूला नंबर असेल तर दुसऱ्या बाजूच्या स्ट्रिंगचाही होतो. टाइप() फंक्शनला विचारलं तर ते प्रामाणिकपणे सांगतं की हा कोड स्ट्रिंग आहे. पुढच्याच ओळीत तो नंबर झालेला असतो, आणि कुणी हूं की चूं करत नाही. कॉन्फिगच्या चार ओळी लिहिणाऱ्यासाठी ही सोयच होती. त्या काळात पर्ल आणि पीएचपीचंही असंच चालायचं.

तर स्ट्रिंगचा नंबर होताना व्हिम सी चा वारसा पाळतो. पुढे शून्य, म्हणजे ऑक्टल. ०२११७ चा हिशेब करा: दोन गुणिले ५१२, अधिक ६४, अधिक ८, अधिक ७. ११०३! ते २११७ बरोबर कसं जुळणार?

मग शिरूर कसं सुटलं? शेवटच्या ८ मुळे. ऑक्टलमध्ये आठ हा आकडाच नसतो. आजचा सी कंपायलर अशा ठिकाणी सरळ एरर देतो. बॅशही भांडतो. व्हिम मात्र समजूतदार. तो आधी सगळे आकडे बघून घेतो, आणि एखादा ८ किंवा ९ दिसला तर म्हणतो की हे ऑक्टल नसणार, साधीच संख्या दिसतेय. मला विचाराल तर हा समजूतदारपणाच नडला. शिरूरलाही एरर आली असती तर त्या पोराने दहा मिनिटांत शोधून काढलं असतं. अर्धं बरोबर चालणारा प्रोग्राम पूर्ण बिघडलेल्या प्रोग्रामपेक्षा वाईट, कारण आपण तपासतो ते नेमकं बरोबर चालणाऱ्या अर्ध्यावर.

मग मी जिल्ह्यातले बाकी कोड बघत बसलो. इंदापूर ०२१११, बारामती ०२११२, भोर ०२११३, सासवड ०२११५, जुन्नर ०२१३२, राजगुरुनगर ०२१३५. ८ किंवा ९ कुठेच नाही, म्हणजे या यादीत वाचलेलं शिरूर एकटंच. बारामतीचे १०९८ होतात, जुन्नरचे १११४. पुण्याच्या ०२० चे १६ आणि मुंबईच्या ०२२ चे १८. पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये :)

याच घराण्यातला आणखी एक नमुना. व्हिममध्ये आकड्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-ए दाबलं की तो एकाने वाढतो. अनुक्रमांक टाकायला झकास सोय. पण ००७ वर दाबा, ०१० येतं. आठवा आणि नववा सभासद गायब! बऱ्याच वर्षांनी, २०१६ च्या आठव्या आवृत्तीबरोबर एक डीफॉल्ट सेटिंग्जची फाइल आली, तिच्यात कंट्रोल-ए पुरतं ऑक्टल बंद केलं आणि बहुतेकांचा यात गोंधळ होतो असंही तिथे लिहून ठेवलं. ज्याची स्वतःची सेटिंग्जची फाइल आहे त्याला ही डीफॉल्ट फाइल आपोआप लागत नाही, म्हणजे जुन्या खोडांना ०१० अजून भेटू शकतं.

मग भाषेतच का नाही बदललं? कारण जगभर लोकांच्या घरी वर्षानुवर्षं चाललेल्या स्क्रिप्ट होत्या आणि त्या मोडायच्या नाहीत यावर मूलेनार ठाम होता. मला ते पटतं. त्याने बाजूने वाटा काढल्या. सातव्या आवृत्तीत स्ट्रटूएनआर() हे फंक्शन आलं, स्ट्रिंगचा नंबर करणारं, पण पाया आपण सांगायचा आणि नाही सांगितला तर दहा. त्याला ०२११७ दिलं की २११७ मिळतात. पायथनने २००८ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत सरळ घाव घातला: नुसतं शून्य चालणार नाही, ऑक्टल हवं असेल तर शून्यापुढे ओ लिहा. व्हिमने तोच नियम घेतला, पण २०२२ च्या नवव्या आवृत्तीतल्या नव्या भाषेत, व्हिम९ स्क्रिप्टमध्ये. तिथे पुढचं शून्य निरुपद्रवी आहे, आणि स्ट्रिंगची नंबरशी तुलना केली तर एरर येते. ती त्याची शेवटची मोठी आवृत्ती ठरली. ऑगस्ट २०२३ मध्ये तो गेला. जुन्या भाषेतली स्क्रिप्ट आजच्या व्हिममध्येही जुन्याच नियमाने चालते, दौंडसकट.

मामाच्या यादीपुरता इलाज याहून सोपा होता. कोडचा नंबर करायचाच नाही. कोडची बेरीज कधी कुणी करतं का? पिन कोड, सभासद क्रमांक, गट नंबर, मोबाइल, दिसतात संख्या पण आहेत नावं. तुलनेत दुसऱ्या बाजूलाही अवतरण चिन्हं टाकली, '०२११७' विरुद्ध '०२११७', आणि दौंडचा ढीग भरला.

पूर्ण नाही भरला. काही ओळी तरीही 'इतर' मध्ये राहिल्या, कारण त्या कुणीतरी नंतर हाताने घातलेल्या होत्या आणि आकडे खरोखर देवनागरीत होते. व्हिमच्या लेखी आकडे म्हणजे इंग्रजी शून्य ते नऊ, बाकी सगळी अक्षरं. त्यामुळे देवनागरी ०२११७ चा नंबर केला की उत्तर शून्य. देवनागरी ०२१३८ चाही शून्य. म्हणजे मूळ स्क्रिप्टमध्ये या ओळींपुरता दोन्ही तालुक्यांवर सारखाच अन्याय होता. इथे टीआर() हे बिल्ट-इन फंक्शन कामी येतं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या, मूळ स्ट्रिंग, देवनागरी दहा आकडे ओळीने आणि इंग्रजी दहा आकडे ओळीने. ते एकेक अक्षर बदलून देतं, आणि एकेका देवनागरी आकड्याला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात याने त्याचं काही बिघडत नाही. ती एक ओळ तुलनेच्या आधी घातली. समोरच्या आजींचं नाव याच ओळींत होतं, सुवाच्य देवनागरीत, कोडसकट. यादी मामाला मेल केली. पत्रं आता दोन्ही तालुक्यांची एकदमच निघणार आहेत.